गोल टेबलांचा वर्ग

आमच्या दिल्लीच्या विद्यापीठात नवा वर्ग झाला. गोल टेबलं, चारी भिंतींवर फळे, आणि शिक्षकाला उभं राहायला ठरलेली जागाच नाही. पहिल्या तासाला मी अर्थशास्त्राचा एक प्रश्न देऊन मुलांना आपसात सोडवायला सांगितला. सगळे वह्या उघडून माझ्याकडेच बघत बसले. एक मुलगी म्हणाली, "मॅम, आप पढ़ाएँगी कब?"

सगळं व्याख्यान जिभेवर आलं होतं. तरी म्हटलं, "पहले आप लोग बताइए."

तिने चिडून शेजारच्याने फळ्यावर लिहिलेलं उत्तर खोडलं आणि टेबलाटेबलांवर वाद पेटला. तास संपला तेव्हा तिचंही उत्तर चुकलेलंच होतं. घरी नवऱ्याला म्हटलं, "आज मी काहीच शिकवलं नाही रे."

दुसऱ्या दिवशी ती बरोबर उत्तर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. तरीही पुढच्या तासाला जाताना मी व्याख्यानाच्या टिपणांची वही बरोबर घेतली.