भुशाची ऊब

आमच्या घरात आल्यावर लोक आधी बूट काढतात. शेजारचे काका आधी घराचं तापमान ठरवणारा भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघायचे. दारातल्या पायपुसण्यावर उभं राहून मान लांब करायची, आकडा वाचायचा, जिभेने 'च्' असा आवाज काढायचा आणि म्हणायचं, "बावीस? कुणाच्या बापाचा माल आहे?" मग बूट काढून आत यायचं, तर्जनीने तो आकडा दोनने खाली आणायचा आणि त्यानंतर "कसे आहात सगळे?" ते गेले की माझा नवरा उठून तो परत वर करायचा.

रिटायर झालेल्या माणसाला एक शत्रू लागतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणी कॉन्डोच्या कमिटीशी भांडतं, कुणी बागेतल्या खारींशी. कॅनडातल्या व्हिटबीतल्या आमच्या या शेजाऱ्याने घर तापवायला गॅस देणारी कंपनी निवडली. मूळचे पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनियर, आणि ही गोष्ट आडनावाच्या आधी सांगायची त्यांची पद्धत. उभी हयात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात गेली होती. आता गाड्या सुटल्या होत्या आणि हात शिवशिवत होते.

त्यांचं ब्रीद होतं, "मागायचं नाही, बनवायचं." त्यानुसार त्यांनी साबण बनवला, ज्याने आमच्या हातांना भेगा पडल्या. गणपती बनवला, जो सोंड सोडली तर थेट त्यांच्यासारखा दिसायचा. आरतीला उभं राहिलं की मला काकांनाच ओवाळतेय असं वाटायचं, आणि मला वाटतं त्यांनाही तसंच वाटत असावं.

एका फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, त्यांनी पेलेट स्टोव्ह आणला. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीहून बारीक कांड्या म्हणजे पेलेट. दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. त्या स्टोव्हच्या डब्यात ओतायच्या, मग आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या विस्तवात टाकतो आणि पंखा गरम हवा घरात सोडतो. बसवायला आलेल्या माणसाला हे काम येत होतं, हे त्याचं दुर्दैव. काका शिडीला धरून खाली उभे राहिले आणि त्याला दिवसभर शिकवत राहिले. शेवटी भिंतीतून बाहेर काढलेलं धुराडं बरोबर माझ्या किचनच्या खिडकीसमोर आलं.

खरं सांगायचं तर तो विंटर छान गेला. काका दुकानातून पेलेटच्या गोण्या आणायचे, काचेमागे जाळ नाचायचा, आणि काकू स्टोव्हसमोर स्टुलावर बसून मेथी निवडायच्या. काकूंना संधिवात. थंडीत त्यांची बोटं आखडतात, कुकरचं झाकणसुद्धा फिरवता येत नाही. त्या वर्षी मात्र त्यांनी पुरणपोळ्या लाटल्या आणि आम्हा सगळ्यांना बोलावून वाढल्या. काका त्या पोळ्यांकडे अशा नजरेने बघत होते की पुरण त्यांनीच वाटलंय.

काका इथे थांबले असते तर मला हे लिहायला काही उरलं नसतं. पण उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण भुसा विकत घेतोय. भुसा! जो सुतार झाडून फेकून देतो. पुण्याच्या माणसाच्या जिव्हारी लागावी अशीच गोष्ट होती. त्यांनी ऑनलाइन पेलेट बनवायचं मशीन मागवलं. एवढ्या खर्चात घरात किती विंटर गॅस जळला असता, हे माझ्या नवऱ्याने मोबाइलवर काढून दाखवलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. काका म्हणाले, "तुम्ही आयटीवाले. तुम्हाला वस्तू आणि ॲप यातला फरक कळत नाही."

मग भुशाचा शोध सुरू झाला. जवळच्या वॉन गावात किचन कॅबिनेट बनवणारे एक सरदारजी होते, त्यांच्याकडून काका व्हॅन भरून भुसा घेऊन आले. "न्यायला गेलो तर तो खूशच झाला," असं काका सांगत होते. होणारच. तो भुसा लाकडाचा कमी आणि डिंक लावलेल्या फळ्यांचा जास्त होता. पहिलीच घमेलंभर पेलेट पेटवली तेव्हा सबंध घरात जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि काकू रुमाल नाकाला लावून बॅकयार्डमध्ये उभ्या राहिल्या.

मग पानं. आमच्या गल्लीत फॉलमध्ये लोक झडलेली पानं कागदी पिशव्यांत भरून फुटपाथवर ठेवतात, टाउनचा ट्रक येऊन नेतो. त्या वर्षी ट्रकला काही मिळालं नाही. पहाटे काका हँडकार्ट घेऊन निघायचे आणि गल्ली साफ करायचे. समोरच्या गोऱ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "Is he okay, your uncle?" ते माझे अंकल नाहीत, हे मी सांगितलं. ओके आहेत की नाही, यावर बोलले नाही.

गणपती मंडळात तर त्यांनी कहर केला. विसर्जनानंतर निर्माल्याची पोती उचलू लागले. वाळली की पेलेट करतो म्हणाले. सेक्रेटरी पांढरे पडले. काकांनी शांतपणे समजावलं, की होमात टाकता ते चालतं, मग स्टोव्हमध्ये टाकलं तर काय बिघडलं, अग्नी तोच. वादात त्यांच्यापुढे कुणी टिकत नसे. पण निर्माल्य मिळालं नाही ते नाहीच.

पेलेट करणं म्हणजे ओलाव्याचा खेळ असतो. ओलावा जास्त झाला की मशीन तुंबायचं, कमी झाला की कांडी हातात घेताच पीठ व्हायचं. काकांच्या गराजमधून सकाळ-संध्याकाळ घरघर यायची, मग खडखड, मग शांतता, आणि मग एक पुणेरी शिवी. एकदा मी सहज म्हटलं, "काका, चकलीचं असंच असतं, मोहन कमी पडलं की तुटते." ते ताडकन म्हणाले, "हे इंजिनियरिंग आहे, फराळ नाही." चार दिवसांनी काकूंचं दिवाळीतलं तळणीचं उरलेलं तेल गायब झालं. त्या आठवड्यात समोरच्या धुराड्यातून चकलीचा खमंग वास माझ्या किचनमध्ये येत होता आणि माझी मुलगी दर तासाला विचारत होती, "Aai, are you making chakli?"

पेलेट अखेर झाली. काळपट, वाकडी, पण कांडी म्हणून ओळखू येईल अशी. काका ती खिशात घेऊन फिरायचे आणि लोकांना पेढ्यासारखी दाखवायचे. अडचण एवढीच होती, की पानांची राख फार. ती विस्तवात वितळून तिचा काचेसारखा खडा व्हायचा, हवा कोंडायची आणि स्टोव्ह विझायचा. मग काकांनी तो उघडायचा, खडा खरवडायचा, परत पेटवायचा. तोवर घराचा फ्रीज झालेला असायचा.

घरात गॅसचा फर्नेस होता, चांगला चालू होता. पण काकूंनी एकदा थर्मोस्टॅट वाढवला, आणि काकांनी त्यावर ऑफिसात असतो तसा पारदर्शक डबा बसवला, कुलपाचा. किल्ली जानव्याला. आमच्यातल्या एकाने विचारलं, "काका, संध्या करताना हीट वाढते का?" सगळे हसले, काकाही हसले. किल्ली होती तिथेच राहिली.

मी घरून काम करते. काकू दुपारी चहाला यायच्या. कानटोपी, त्यावर शाल, शालीवर जॅकेट. खुर्चीत बसायच्या नाहीत. गरम हवेची जाळी असते ना जमिनीला, तिच्या शेजारी बैठक मारून आखडलेली बोटं त्यावर धरायच्या. तक्रार कधी नाही. एक दिवस मात्र बोटांकडे बघत म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत बघते. घर गरम राहिलं तर राहिलं. नाही तर मी मॉन्ट्रियलला लेकीकडे जाते. आणि जाते म्हणजे विंटरपुरती नाही."

मी त्यांना ओळखत होते. त्या धमक्या देणाऱ्यातल्या नव्हत्या.

हे काकांनाही सांगून झालं होतं. कारण पुढच्या भेटीत ते म्हणाले, "हळदीकुंकवाला बायका घामाघूम होतात की नाही बघ." त्यासाठी त्यांनी खास घाणा काढला. ओकचा चांगला भुसा कुठून तरी मिळवला, पण तो पुरेना म्हणून त्यात पानं मिसळली. सबंध आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या माणसाने पानं मिसळली, हे मला आजही समजत नाही.

संक्रांतीला आम्ही सगळ्या काळ्या साड्या नेसून गेलो. काळ्या रंगाने ऊब राहते म्हणतात. म्हणणारे व्हिटबीला आले नसावेत. सुरुवातीचा अर्धा तास स्टोव्ह छान धगधगला, काका त्याच्याशेजारी हात मागे बांधून उभे. मग जाळ बुटका झाला, पिवळा झाला, आणि गेला. काकांनी दार उघडून खडा खरवडायला घेतला. एकेक करून आम्ही कोट चढवले. पैठणीवर पफर जॅकेट घालून सोळा-सतरा बायका तिळगूळ खात बसलो. आणि वाण म्हणून काकूंनी काय लुटलं असेल? हातमोज्यांत ठेवायची गरम होणारी पाकिटं. दुकानातून आणलेली. काकांनी ती पाहिली आणि मान फिरवली.

कुणीतरी नवीन मुलगी होती, तिला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काका, जरा हीट ऑन करता का प्लीज?"

काका स्टोव्हमधून डोकं न काढता म्हणाले, "पाच मिनिटं. तोवर स्वेटर घाला ना."

काकू करंडा घेऊन माझ्या कपाळाला कुंकू लावत होत्या. त्यांचं बोट तिथेच थांबलं. त्यांनी करंडा खाली ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पहिल्या वर्षी आपण बेसमेंटमध्ये राहायचो. वरच्या मालकाने थर्मोस्टॅटला असाच डबा लावला होता. मला सातवा महिना होता. तुम्ही वर गेलात, हीट वाढवा म्हणालात. तो काय म्हणाला, आठवतंय?"

काकांचा खरवडण्याचा आवाज बंद झाला.

"स्वेटर घाला म्हणाला. तुम्ही खाली येऊन माझे पाय मांडीवर घेऊन बसलात, आणि म्हणालात, आयुष्यात परत कुणाकडे ऊब मागणार नाही." काकूंनी करंडा उचलला. "आता मीही मागत नाही."

त्यांनी पुढच्या बाईला कुंकू लावलं. इतक्या बायका एकत्र आणि आवाज नाही, असं मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेलं नाही. काका उठले, हात काळे झालेले, तसेच पॅसेजमध्ये गेले. थोड्या वेळाने जमिनीतल्या जाळ्यांतून गरम हवा येऊ लागली. सगळ्यांनी कोट काढले. काकू दुसऱ्या दिवशी ट्रेनने गेल्या.

मला काकांचा राग आला होता आणि अजून पूर्ण गेलेला नाही. इतकी वर्षं ती एक गोष्ट मनात जपायची आणि जिच्यासाठी जपायची तिलाच गारठवायचं, याला काय म्हणावं? पण त्यानंतर जे पाहिलं तेही सांगायला हवं. माझ्या खिडकीसमोरचं स्टोव्हचं धुराडं थंड पडलं, आणि त्याशेजारच्या फर्नेसच्या पांढऱ्या पाइपातून रात्रंदिवस वाफ येऊ लागली. मी जेवणाचा डबा घेऊन गेले, तर थर्मोस्टॅटवरचा डबा निघालेला आणि आकडा चोवीस. रिकाम्या घरात काका बनियनवर बसलेले. मी आकड्याकडे बघतेय हे त्यांना दिसलं. म्हणाले, "पाइप फ्रीज होतात गं." चोवीसला पाइप फ्रीज होत नाहीत, हे मेकॅनिकल इंजिनियरला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मला रडू आलं, म्हणून मी डबा ठेवून लगेच परतले.

स्प्रिंगमध्ये त्यांनी घर विकलं. स्टोव्ह कुणी शेतकरी घेऊन गेला. उरलेल्या पेलेटच्या गोण्या कुणालाच नको होत्या, शेवटी समोरच्या गोऱ्या बाईंनी मांजरीच्या लिटरसाठी, म्हणजे तिच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायला नेल्या. मांजरीला फार आवडल्या म्हणे. काकांच्या मालाची तेवढी एकच दाद मी ऐकली.

पुढच्या विंटरमध्ये आम्ही मॉन्ट्रियलला गेलो. लेकीने स्वतःच्याच जुन्या इमारतीत काका-काकूंना दोन खोल्या बघून दिल्या होत्या. हीटिंग भाड्यातच, बॉयलर तळघरात आणि त्याचा ताबा तिथल्या केअरटेकर बाईंकडे. खोलीत थर्मोस्टॅटच नाही. सवयीने मी भिंतीवर शोधला, काकांनी मला शोधताना पाहिलं आणि नुसतं बूट काढायला सांगितलं. काकू सुती साडीत होत्या, पाय उघडे. त्यांनी स्वतः कुकरचं झाकण फिरवलं.

चहा पिताना त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, एवढंच. काका कप ठेवून उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले.

"कुठे गेले?"

"खाली, त्या बाईकडे," काकू म्हणाल्या. "तिला इंग्लिश येत नाही. यांनी फ्रेंचचं एकच वाक्य पाठ केलंय, माझ्या बायकोला थंडी वाजते, प्लीज. मी कितीदा सांगितलं, मला नाही वाजत. ऐकतात का?"

मिठाईचा बॉक्स गाडीत राहिला होता, म्हणून मी खाली उतरले. तळमजल्यावर एका दारासमोर काका उभे होते, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत. त्यांनी बेल दाबली. दार उघडताच टोपी काढून दोन्ही हातांत धरली.

"मादाम," ते म्हणाले, "मा फाम आ फ्रवा. सिल व्हू प्ले."

बाईंनी लांबलचक काहीतरी उत्तर दिलं. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळलं नसणार. त्यांनी मान डोलावली, पण हलले नाहीत. टोपी तशीच हातांत धरून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.