अंगठ्याला किती जोर लागतो?

थर्मोकोलवर काम करणाऱ्या बायकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खोली कितीही झाडा, दाणे उरतातच. संध्याकाळी घरी जाऊन आमटी वाढायला घ्यावी, तर एखादा दाणा ब्लाऊजच्या बाहीतून टपकन ताटात पडतो! आमच्या खोलीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. मी काही त्या मुद्दाम साठवल्या नाहीत. पण आठवायला बसलं की कुठून कुठून निघतात.

नव्वदनंतरची गोष्ट. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमची खोली होती. गणपतीला मखरं, दिवाळीला आकाशकंदील, अधेमधे भेटवस्तूंचे खोके. आम्ही चौघीजणी. अक्का सगळ्यांत मोठ्या. ठाण्याच्या नौपाड्यातून डोंबिवलीत राहायला आलेल्या, पण मनाने अजून तिथेच. मंगल सगळ्यांत लहान, तिचा नवरा दुबईला. मी मधली. आणि कुसुमताई.

कापायचं काम कुसुमताईचं. मोराचा पिसारा, कमळाच्या पाकळ्या, कंदिलाची जाळी, सगळं तिच्या हातचं. आम्ही तिघी चिकटवणाऱ्या.

त्या वर्षी विसर्जन झाल्यावर खोली आवरत होतो. कुसुमताईचा पाय थर्मोकोलच्या तुकड्यावर पडला, ती घसरली आणि उजव्या मनगटावरच आपटली. कोपरापर्यंत प्लास्टर! डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल. अंगठ्यात पहिल्यासारखा जोर येईल का, ते मात्र प्लास्टर काढल्यावरच कळेल."

त्या दिवसापासून कुसुमताईसाठी कापायचं मशीन शोधणं सुरू झालं. खोलीत प्लग एकच, तोही दारामागे, म्हणून बिनवायरचंच हवं होतं. आम्ही विचारायचो, सेल किती चालतो? आवाज किती? पुठ्ठा कापतं का, रेक्झिन कापतं का?

ती एकच विचारायची. "बटणाला अंगठ्याचा जोर किती लागतो?"

*

पहिलं आलं ते पेनासारखं. त्यात दोन सेल घालायचे, पुढची तार तापायची आणि थर्मोकोल लोण्यासारखं कापलं जायचं. बटण तर नुसतं टेकवलं तरी पुरे! आम्ही खूश.

पण ते थर्मोकोलशिवाय काहीच कापत नव्हतं. अक्कांनी हौसेने पतंगाच्या कागदावर धरलं, तर कागद कापला नाही, चक्क धूर निघाला. "हे कापतं कुठे, हे तर डाग देतं!" म्हणाल्या.

आणि सेल खाण्यात पटाईत! सकाळी घातलेले दुपारी मान टाकायचे. त्या काळी सगळेच करायचे तसं आम्ही सेल उन्हात ठेवायला लागलो. अंगणात अक्कांचे पोह्याचे पापड वाळत होते, त्याच चादरीच्या कडेला सेलची रांग लावली.

बारा वाजता आतून अक्कांची हाक आली, "मंगल, पापड उलटलेस का? सेलही उलट गं, एकाच बाजूने भाजतील!"

*

मग मंगलच्या नवऱ्याने कुणाबरोबर तरी दुबईहून चार्जिंगची कात्री पाठवली. गुलाबी खोक्यात, वर सुंदर बाईचा फोटो. आम्ही सगळ्या भोवती बसलो. मंगलने बटण दाबलं आणि कात्री कटकटकटकट अशी जी सुटली!

अक्का ओरडल्या, "अगं, रिकामी कात्री चालवू नये! घरात भांडणं होतात!"

एकदा रिकामी कात्री वाजवली तरी भांडण, आणि ही तर मिनिटाला शंभर वेळा वाजत होती. मंगलला ती बंद कशी करायची ते सापडेना. अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं, हाताला लागला तो कागद उचलला आणि कात्रीच्या तोंडात घातला. कात्रीने तो असा सरसर खाल्ला की बघत राहावं. कागद संपायला आणि बंद करायचं बटण सापडायला एकच गाठ पडली.

"बघा," अक्का म्हणाल्या, "टळलं की नाही भांडण!"

टळलं खरं. पण तो कागद म्हणजे कात्री कशी वापरायची, किती वेळ चार्ज करायची, हे सांगणारं माहितीपत्रक होतं.

*

शेवटी मंगल कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर गेली आणि दुबईला फोन लावला. समोर बिलाचे लाल आकडे पळत होते, त्यामुळे ती धडाधडा बोलली. चार्जिंग किती तास? लाल दिवा विझला की काढायची का? गरम होते, चालेल ना? उत्तरं मिळाली. ती "ठेवते" म्हणाली.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "मीही बरा आहे गं! विचारलंस म्हणून सांगतो!"

मंगल हे सांगताना खूप हसली. मग जरा वेळ खळ ढवळत बसली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा फोन केला. त्या वेळी कात्रीचं नाव काढलं नाही, असं तीच म्हणाली.

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर. सुऱ्या, पट्ट्या, कात्र्या, खळीचं पातेलंसुद्धा. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी एकाही हत्याराला काम लावायचं नाही, हा अक्कांचा नियम.

पूजा झाली आणि मंगलच्या लक्षात आलं की दुबईची कात्री चार्जिंगला लावलेलीच आहे. पाटावरून वायर थेट दारामागच्या प्लगपर्यंत! लाल दिवा लागलेला, त्यावर कुंकू.

"काढू का अक्का? आज तिला विश्रांती ना?"

अक्कांनी क्षणभर विचार केला. "राहू दे. ती काम कुठे करतेय? जेवतेय!"

*

पण ती कात्री कुसुमताईच्या उपयोगाची नव्हती. बटण इतकं घट्ट की माझाच अंगठा दुखायचा. मग कल्याणच्या बाजारातला एक दुकानदार म्हणाला, "गोल पात्याचं एक आलंय, बॅटरीवरचं. घेऊन जा, वापरून बघा, नाही पटलं तर परत आणा." हे पुठ्ठा कापायचं, रेक्झिन कापायचं, जुनी सतरंजी कापायचं. थर्मोकोलचा मात्र भुगा करायचं. बटण रुंद होतं. दाबून धरलं तोवर चालायचं, सोडलं की बंद.

कुसुमताईने ते डाव्या हातात घेतलं आणि पुठ्ठ्यावर कमळ कापायला बसली. संध्याकाळी आठ पाकळ्या झाल्या. आठही एका बाजूला कललेल्या.

"टाकून दे," म्हणाली आणि तोंड धुवायला मोरीत गेली.

अक्कांनी त्या पाकळ्या गुपचूप पिशवीत घातल्या. घरी कंदील केला आणि दिवाळीची वाटही न बघता गॅलरीत टांगला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अक्का, कमळ वाकडं झालंय हो."

"वाकडं नाही, वारा सुटलाय," अक्का म्हणाल्या. "आमच्या नौपाड्यात असेच करतात!"

*

खाडीकडून जनाबाई मासे विकायला यायची. आमच्याकडून तिला काही मिळायचं नाही, कारण अक्कांच्या देखत खोलीत अंडंसुद्धा येत नसे. तरी ती पाटी उतरवून दारात पाणी प्यायला बसायचीच. कुसुमताईचा हात बघून ती रोज हळहळायची.

"बाय गो, हाड जुलाया चिंबोरीचा रस्सा पायजे. भेंडी खाऊन काय व्हनार?"

एक दिवस तिने खरंच खेकडे आणले. पैशाचं विचारलं तर रागावली. कुसुमताईच्या घरी मासे चालायचे, पण एका हाताने खेकडे फोडणार कशी? जनाबाईने खोलीभर नजर फिरवली आणि ते गोल पात्याचं मशीन उचललं.

"ह्याला काय काय कापता येतं?"

"सगळं," मंगल बोलून गेली.

घुर्र! मोठ्या नांगीचं कवच दोन बाजूंनी चिरलं, आतलं मांस जसंच्या तसं. जनाबाई इतकी खूश झाली की सगळेच साफ करून दिले. आम्ही अक्कांकडे बघायचं धाडस करत नव्हतो.

अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "औषधच आहे ना ते?" त्यांनी विचारलं. "मग करा. मला काही दिसत नाहीये."

पातं आम्ही लिंबाने घासलं, चिंचेने घासलं, राखेने घासलं. वास काही जाईना. आता ते दुकानदाराला परत कोण करणार? घेऊनच टाकलं!

*

दिवाळीच्या तोंडावर प्लास्टर काढायचा दिवस आला. कुसुमताईबरोबर मी गेले. शुक्रवार होता, आणि डोंबिवलीकरांना सांगायला नको, शुक्रवारी लाईट नसायची.

दवाखान्यात उकाडा. बाकावर एक गृहस्थ गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून वर्तमानपत्राने वारा घेत होते. सकाळपासून बसलेले. डॉक्टरांचं प्लास्टर कापायचं मशीन होतं, पण ते विजेवरचं. हाताची मोठी कातर होती, ती लावून बघितली तर मनगट दाबलं जाऊन कुसुमताई कळवळली.

"उद्या या," डॉक्टर म्हणाले. "एका दिवसाने काय होतंय?"

"डॉक्टर, मला आज कळू दे," कुसुमताई म्हणाली. "मला झोप येत नाही हो."

एवढं बोलून तिने पिशवीत डावा हात घातला आणि ते गोल पात्याचं मशीन टेबलावर ठेवलं. डाव्या हाताला सवय व्हावी म्हणून ती ते रोज घरी न्यायची.

डॉक्टरांनी ते उलटसुलट करून पाहिलं. बादलीतला कुणाचा तरी जुना प्लास्टरचा तुकडा घेतला, त्यावर चालवलं. पुन्हा चालवलं. मग स्पिरिटने पातं पुसलं, प्लास्टरखाली एक पातळ पट्टी सरकवली आणि म्हणाले, "अजिबात हलायचं नाही."

वरचा थर, मग खालचा थर, थोडं थोडं. पांढरी भुकटी डॉक्टरांच्या चष्म्यावर बसली. बाकावरच्या गृहस्थांनी वारा घेणं थांबवलं. शेवटी डॉक्टरांनी दोन्ही हातांनी प्लास्टर फाकवलं.

आतला हात बारीक झाला होता. पांढरट, सुरकुतलेला, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"बोटं मिटा." अर्धी मिटली.

"अंगठा." अंगठा थरथरला.

"माझं बोट दाबा. अजून. अजून जोरात." डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना.

कुसुमताईने त्यांचं बोट सोडलं. टेबलावरचं मशीन उजव्या हातात घेतलं, खालून डाव्या हाताचा आधार दिला आणि अंगठा बटणावर ठेवला. अंगठ्याचं नख पांढरं झालं. काही नाही. तिने अंगठा काढला, पदराला पुसला आणि पुन्हा ठेवला.

घुर्रर्रर्र!

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. कुसुमताई अंगठा काही उचलेना.

शेवटी बाकावरचे गृहस्थ ओरडले, "अहो ताई, बंद करा ते! बॅटरी संपेल, माझा पाय राहिलाय अजून!"