दोघी हजर

आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या आरोग्यखोलीत एक बाई काम करते. तिचं खरं नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे, पण सगळे तिला हजेरीबाई म्हणतात. एकटं राहणाऱ्या बेचाळीस जणांना ती रोज सकाळी साडेसात ते साडेआठ फोन करते. विचारते एवढंच, "हजर?" आपण म्हणायचं, "हजर." फोन बंद, वहीत खूण. "कशा आहात?" असं चुकूनही विचारत नाही. सुरुवातीला विचारायची म्हणे. पहिल्याच आजोबांनी गुडघ्यापासून सुरुवात केली, मानेपर्यंत येईतो साडेआठ वाजले, आणि उरलेले एकेचाळीस जण जिवंत आहेत की नाही ते दुपारी कळलं.

मूळची ती शाळेतली शिपाई. अठ्ठावीस वर्षं हजेरीची वही या वर्गातून त्या वर्गात नेली, घंटा दिली, पडलेल्या पोरांचे गुडघे पुसले. नवरा लग्नानंतर चार वर्षांनी कामासाठी म्हणून बाहेरगावी गेला आणि पत्ता कळवायचा विसरला, असं ती म्हणते. मूलबाळ नाही. शाळेतून निवृत्त झाली तेव्हा महिनाभरातच घर खायला उठलं. मग ती आरोग्यखोलीत आली आणि म्हणाली, मला वही द्या.

तिच्या पिशवीत प्रेशरचं यंत्र, एक भिंग, सेफ्टीपिना आणि नखं कापायचं मोठं नेलकटर असतं. वाकता न येणाऱ्या माणसाच्या पायाची नखं किती वाढतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला तिच्या कामाची किंमत कळणार नाही. ती पाय मांडीवर घेते, कापते आणि वर टोमणाही मारते. "आजोबा, ह्या नखांनी तुम्ही भिंत चढणार होता की काय?"

माझी शाळा तिसरीतच सुटली. त्यामुळे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी रोज सकाळी कोणीतरी मला हजेरी विचारतं याचं मला फार अप्रूप होतं. फोन वाजायच्या आधी मी पदर नीट करायची. फोनवर दिसत नाही, माहीत आहे.

माझ्या शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण राहायची. आयुष्यभर तिने शाळेचे गणवेश शिवले, म्हणून तिला सगळे शिवणवाली म्हणायचे. मी मात्र नुसतं "अगं" म्हणायची. कानांनी अधू. फोन वाजला तरी कळायचं नाही, आणि कळून उठेपर्यंत तो बंद पडायचा. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांत एकच भिंत. मग आम्ही ठरवलं, की सकाळी उठली की तिने बोटात अंगुस्तान घालून भिंतीवर तीनदा ठोकायचं. सुई बोटात जाऊ नये म्हणून शिंपी घालतात ना ती लोखंडी टोपी, ते तिचं अंगुस्तान. ते ऐकलं की मी फोनवर सांगायची, "दोघी हजर."

हजेरीबाईला ते पहिल्यांदा आवडलं नाही. म्हणाली, "मावशी, शाळेत एकाची हजेरी दुसऱ्याने दिली तर दोघांनाही वर्गाबाहेर उभं करायचे."

मी म्हटलं, "कर उभं. तेवढंच हाडांना ऊन लागेल."

ती हसली. तिला एका तासात बेचाळीस फोन उरकायचे असत. तिने चालवून घेतलं. दोन वर्षं असं चाललं.

तो शुक्रवार होता, थंडीचा. मी गॅसवर चहा ठेवला आणि भिंतीवर ठोकायला सुरुवात झाली. टक, टक, टक. मग थांबेच ना. जरा थांबायचं, परत टक टक. मी आपली साखर घातली, पत्ती घातली आणि स्वतःशीच म्हटलं, आज स्वारी खुशीत दिसतेय. फोन वाजला.

"हजर?"

"दोघी हजर," मी म्हटलं. "एक तर जरा जास्तच हजर."

हजेरीबाईने फोन ठेवला. चहा उकळून वर आला तेव्हा भिंत गप्प झाली होती.

शुक्रवारी आरोग्यखोलीत प्रेशर तपासतात. दहा वाजता मी जाऊन बाकावर बसले. शिवणवाली आली नाही. हजेरीबाई माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत होती.

"तुमची जोडीदारीण कुठे?"

"येईल गं. सकाळी ठोकून ठोकून दमली असेल."

"ठोकून म्हणजे?"

"तीनदा नाही काही. चांगलं दहा-पंधरा वेळा. थांबायची आणि परत."

तिचा हात तिथेच थांबला. पट्टा माझ्या दंडावर अर्धा फुगलेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मला खरंच कळलं नाही, ही अशी का बघतेय. मग ती उठली, किल्ल्यांचा डबा उघडला, एकटं राहणाऱ्यांची एकेक जादा किल्ली तिथे असते, आणि पायांत काही न घालता बाहेर गेली. मी तो पट्टा दंडावर घेऊनच तिच्या मागे चालत राहिले. जिन्यात मला कळलं.

शिवणवाली स्वयंपाकघरात भिंतीशी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. पहाटे पाणी घ्यायला उठली असेल. जमीन गार. बोटात अंगुस्तान. ते कट्ट्यावर असायचं, खाली पडून तिने ते कसं मिळवलं असेल याचा विचार मी अजून अर्ध्यावर सोडते. श्वास चालू होता. दवाखान्यात सोमवारी तिचा जीव गेला. मधे एकदाही बोलली नाही.

तिच्या पुतण्याने तक्रार केली. त्यात त्याचं काही चुकलं नाही. काकू पहाटेपासून जमिनीवर, आणि वहीत सात चाळीसला "हजर". कोणी घेतली ही हजेरी? आरोग्यखोलीच्या वरिष्ठ डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा हजेरीबाई म्हणाली, "फोन मी केला. खूण मी केली." माझं नाव तिने काढलंच नाही. पुढच्या बुधवारी बैठक ठरली. तोवर तिने खोलीत यायचं नाही. वही काढून घेतली. बैठकीत तिचं काम कायमचं जाणार असं सगळेच धरून चालले होते.

आणि मी गप्प बसले. लिहायला लाज वाटते, पण बसले. कोणी विचारलं नव्हतं.

शिवणवाली गेल्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी भिंतीवर परत टक टक झालं.

माझ्या हातून भांडं पडलं. तिच्या खोलीला कुलूप. मी भिंतीला कान लावला. टक, टक. थांबलं. टक टक टक. मी म्हटलं, "अगं?" आणि बंद झालं.

पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी तिची वेळ झाली तशी मी तोंड धुऊन भिंतीसमोर स्टूल टाकून बसले. तुम्हाला वाटेल म्हातारी घाबरली. घाबरले होतेच, पण मला तो आवाज हवा होता. त्या भिंतीतून पाण्याचा पाइप जातो. हा आवाज पाइपचा असेल तर त्या शुक्रवारचाही पाइपचाच. मग तिने मला बोलावलंच नाही, आणि मी बोलावणं ऐकून चहात साखर घातली असं झालंच नाही. आवाज आला की मला हायसं वाटायचं. नाही आला तर घोट उतरायचा नाही. मेलेल्या बाईने भिंत ठोकावी म्हणून मी जीव टांगून बसायची.

मंगळवारी मी हजेरीबाईला फोन केला. माझ्याकडून तिला गेलेला पहिलाच फोन. ती दुसऱ्या दिवशी सात वाजता आली, म्हणजे बैठकीच्याच दिवशी. वही नसल्यामुळे तिला हातांचं काय करावं कळत नव्हतं. सारखी मांडीवर फिरवत होती. आम्ही दोघी भिंतीसमोर बसलो.

"कितीला येतो?"

"येईल. साडेसातच्या सुमाराला."

"आपण दोघी वेड्या दिसतोय, मावशी."

"मी तर आहेच. तुला कोणी बोलावलं होतं?"

"तुम्हीच."

टक. टक टक. तिचा चेहरा उतरला. मग ती उठली, भिंतीला तळवा लावला, बाहेर गेली, जिना चढली. मी कठड्याला धरून मागोमाग. वरच्या खोलीचं दार उघडं होतं. एक तरुण सून बादली भरत होती. हजेरीबाईने तिला सांगून नळ बंद केला. मला खाली पाठवलं. मी भिंतीशी उभी. शांत. तिने नळ सोडला, टक टक. बंद केला, शांत.

मी परत वर गेले. पायांत बळ आलं होतं.

"बघा," हजेरीबाई म्हणाली, "पाइपच. तिने ठोकलंच नव्हतं. झालं. आता मनातून काढून टाका."

मी "हो" म्हणणार होते. अगदी तोंडात आला होता शब्द. आणि त्या सुनेच्या मागे मला खोकी दिसली. पुठ्ठ्याची, दोरीने बांधलेली, अजून न सोडलेली. एकावर चूल, एकावर कपडे असं खडूने लिहिलेलं.

मी विचारलं, "तुम्ही कधी आलात गं राहायला?"

"गेल्या गुरुवारी, आजी. वर्षभर रिकामी होती म्हणे खोली."

शिवणवाली सोमवारी गेली. ती पडली तो त्याच्या आधीचा शुक्रवार. त्या दिवशी ह्या नळाला हात लावणारं कोणी नव्हतं.

जिन्यात मी हजेरीबाईला विचारलं, "तुला खोकी दिसली होती ना?"

"दिसली."

"आणि तरी म्हणालीस पाइप."

"मग काय म्हणू? मला आवाज ओळखता येतात, मावशी. साठ पोरांच्या वर्गात कोण कोणाची हजेरी देतंय ते मला बाहेरच्या ओट्यावरून कळायचं. दोन वर्षं मी तुमच्या एका आवाजावर दोन खुणा केल्या. तुमची चूक एका सकाळची आहे. तुम्ही येऊ नका बैठकीला. एकीनेच बाहेर उभं राहिलेलं पुरे."

मी गेले.

आरोग्यखोलीत व्यायामाच्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. डॉक्टरीणबाई, पुतण्या, आणखी चार जण. हजेरीबाई उभीच होती. तिला बसायला कोणी सांगितलं नव्हतं आणि ती आपण होऊन बसणारी नाही. डॉक्टरीणबाई कागद वाचायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "हजेरी मी दिली."

हजेरीबाई म्हणाली, "मावशी, बसा."

"बसले तर परत उठवणार नाही. त्या दिवशी तिने भिंत ठोकली. रोज तीनदा ठोकायची. त्या दिवशी खूपदा. मला वाटलं चेष्टा. मी फोनवर सांगितलं दोघी हजर."

पुतण्या माझ्याकडे वळला. चांगला पन्नाशीचा माणूस, दाढी वाढलेली. ओरडेल असं वाटलं. त्याने हळूच विचारलं, "किती वेळ ठोकत होती?"

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. तोंडातून निघून गेलं, "चहा उकळेपर्यंत."

त्याने चष्मा काढला आणि परत घातला. मग तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "वही ह्यांच्याकडेच द्या. दुसरं कोणी आलं तर पुन्हा शिकण्यात कोणाचा तरी जीव जाईल. पण फोनवर नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या दारात जायचं."

तसं ठरलं. हजेरीबाईचं काम राहिलं. ज्याचा त्याचाच आवाज, आणि ज्यांना फोन जमत नाही त्या अकरा जणांच्या घरी रोज नऊच्या आत जायचं. तिला एकटीला अकरा जिने होत नाहीत. म्हणून चार घरं मी घेतली. गुडघे शिव्या देतात. देऊ देत.

शेवटचं घर एका म्हाताऱ्या चांभाराचं. ठार बहिरा, आणि तोंडाने फटकळ. मी दाराची कडी वाजवते, आणि त्याला ऐकू येत नाही हे माहीत असून वाजवतच राहते, मग दाराखालून काठी सारते. काठी दिसली की तो उठतो. आज फार वेळ लागला. मी कडी वाजवली, काठी सारली, परत सारली. आतून काही नाही. शेजारीण म्हणाली, आजी, असेल झोपलेला. मी काठी हलवत राहिले.

शेवटी दार उघडलं. गालाला साबण, हातात वस्तरा.

"रोज रोज काय आहे? मेलो की कळवीन."

त्याच्या तोंडाकडे मी अजून पाहिलंही नव्हतं. तो समोर उभा असून मी त्याच्या पायांमागची जमीन बघत होते.