घंटा थांबली म्हणून

हिमालयातल्या पिंडारी हिमनदीच्या वाटेवरचा आमचा तिसरा दिवस. त्या दिवशी दुपारी नेमकं काय चाललं होतं, ते मला अजूनही धड सांगता येत नाही... साठ वर्षं झाली, तरी गोंधळ तसाच आहे.

भिलाईत तेव्हा कारखान्याचं बांधकाम एकीकडे चालूच होतं आणि दुसरीकडे पोलाद ओतलं जात होतं. मी आणि देवाजी दोघंही स्टील मेल्टिंग शॉपमध्ये, म्हणजे पोलाद वितळवायच्या विभागात, दोघंही भंडाऱ्याकडची शेतकऱ्यांची पोरं. कॅम्प-१ या कामगार वस्तीत भिंतीला भिंत लागून राहायचो.

आमच्यासारख्यांकडून कारखान्यात पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी घोटवून घेतल्या होत्या. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि डोक्यावरून क्रेन निघाली, तिची घंटा वाजली, की बाजूला व्हायचं आणि घंटा थांबेपर्यंत हलायचं नाही... वर उकळतं पोलाद असायचं, त्यामुळे हे हाडात मुरलं होतं.

तर शॉपमधल्या एका रशियन फोरमनला डोंगरांचं भारी वेड. त्याने इतक्या वेळा बर्फाचं वर्णन केलं की आम्ही आठ जणांनी सुट्ट्या टाकल्या आणि निघालो. पाठीवरच्या पिशव्या त्याच्याच ओळखीतून मिळाल्या, वाटाड्या मानसिंग तिकडे कुमाऊँत मिळाला.

देवाजीचं नवीन लग्न झालेलं. निघताना वहिनी दारात आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, यायले सोडून येऊ नका." मी हसत हो म्हटलं... तेव्हा ते किती जड आहे, हे कळलं नव्हतं.

पहिले दोन दिवस मजेत गेले. पाठीवर तांदूळ, डाळ, घोंगड्या, आणि पुढे मानसिंग शिट्टी वाजवत चाललेला. तिसऱ्या दिवशी मात्र देवाजीला चढ सोसेना, डोकं दुखायला लागलं, तो मागे पडत गेला.

एका ठिकाणी वाट फुटत होती. उजवी मुक्कामाकडे, डावी एका पुलाकडे... आणि तो पूल मागच्या पावसात वाहून गेलेला. मानसिंगने मला तिथे उभं केलं, मागचा येईपर्यंत हलू नकोस असं बजावलं आणि बाकीच्यांना घेऊन पुढे गेला.

मी उभा राहिलो. आता, खरं सांगायचं तर, मी एकदा जागा सोडली... तहान लागली होती, खाली झऱ्यावर पाणी प्यायला गेलो. परत आलो तोवर असं धुकं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात.

आणि तिथून माझं डोकं चालेनासं झालं. देवाजी तेवढ्यात येऊन गेला असेल का? गेला असेल तर उजवीकडे गेला की डावीकडे? की अजून मागेच आहे? मुक्कामाकडे पळावं तर तो मागून येऊन डावीकडे वळायचा, डावीकडे शोधायला जावं तर इथे कोण...

हाका मारून घसा बसला. खाली नदीचा एवढा आवाज की माझं मलाच ऐकू येत नव्हतं. शेवटी पिशवीतून जेवणाची थाळी काढली आणि पळीने बडवायला लागलो... टण टण टण टण, न थांबता.

किती वेळ बडवत होतो, देव जाणे. तास, दीड तास... घड्याळ होतं, पण ते पाहायचंही सुचलं नाही. वहिनींना जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

शेवटी बोटं बधिर झाली आणि पळी हातातून सुटली. मी तिथेच खाली बसलो आणि चक्क रडलो. जागा सोडली नसती तर, जागा सोडली नसती तर... हेच.

आणि धुक्यातून देवाजी आला. आधी मान वर करून आभाळाकडे नीट बघितलं, मग दबकत पुढे पाऊल टाकलं. पन्नास-साठ पावलांवरच्या खडकाला चिकटून तो बसला होता... मी थाळी बडवायला लागल्यापासून.

मी त्याला धरलं आणि विचारलं, "कावून नाही आला बे?"

"घंटी वाजून राहिली होती ना," तो म्हणाला. "क्रेन जाऊ दे म्हटलं."

"इथं कुठली क्रेन?"

"तेच तर मले समजून नाही राहिलं होतं."

मला आधी राग आला, मग हसू, मग दोन्ही एकदम. मानसिंग चहाची किटली घेऊन परत आला तेव्हा आम्ही एकमेकांना धरून हसत होतो आणि रडतही होतो. दोघांनाही डोंगर लागला, उंचीची हवा डोक्यात गेली, असं त्याला वाटलं असणार.

मी ज्या आवाजाने त्याला बोलावत होतो, त्याच आवाजाने त्याला अडवून ठेवलं होतं. पण नसती बडवली थाळी, तर आजारी माणूस धुक्यात चालत राहिला असता, आणि डावीकडे वळलाही असता... वाचवलं की छळलं, हे आजवर ठरवता आलेलं नाही.

देवाजी आता भिलाईतच मरोद्याला मुलाकडे राहतो, वहिनीही आहेत. परवा गेलो होतो. मी दाराची बेल दाबतच राहिलो, आतून वहिनींचा आवाज आला, "अजी, उघडा ना, भाऊजी आले." तरी दार उघडेना.

मग मी बोट काढलं आणि गप्प उभा राहिलो. दार उघडलं... आणि माझ्याकडे बघण्याआधी म्हाताऱ्याने मान वर करून छताकडे बघितलं.

साठ वर्षं हाच खेळ चाललाय आमचा. बेल थांबल्यावर दार उघडेपर्यंतची ती दोन मिनिटं मला अजूनही धाकधूक होते... आणि तो दिसला की बरं वाटतं.