पडद्यामागून दिसलेला हात

एखाद्या प्रसंगाला साक्षीदार थोडे असले, की त्याच्या कथाही थोड्याच राहतात. पण त्याच प्रसंगाचा सिनेमा निघाला, की तिकीट काढून बसलेला प्रत्येक जण साक्षीदार होतो, आणि मग कथांची रास पडते. लोककथा गोळा करण्यात माझं आयुष्य गेलं. पुढचे किस्से मात्र मी गोळा केलेले नाहीत. मी तिथंच होतो.

निजामी संपल्यानंतरचा तो पहिला चैत्र. येरमाळ्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता. तिथून दोन कोसांवरच्या गावात मी शाळामास्तर होतो, आणि बायकांच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेण्याचा नाद नुकताच लागला होता. सिनेमात एक गाव होतं. भल्या पहाटे कुणीतरी आतून वेशीचा अडसर काढतो, हत्यारबंद टोळी आत शिरते आणि गाव पेटतं. अडसर काढणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. फक्त हात दिसतो.

आमच्या गावात आदल्या उन्हाळ्यात हेच घडलं होतं. माणसं गेली होती, आणि वेस कुणी उघडली हे कळलं नव्हतं. मुंबईच्या कंपनीला आमचं गाव ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं; पण सिनेमा आपलाच आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुमत होतं ते पुढच्या सगळ्याबद्दल.

*

पहिली तक्रार शिवलिंगप्पांची. त्या आगीत त्यांचं किराणा दुकान गेलं होतं. खेळ सुटल्यावर ते थेट तंबूवाल्याकडं गेले आणि आग फार लवकर विझली म्हणाले.

तंबूवाल्यानं नम्रपणे सांगितलं, की रीळ तेवढंच आहे.

"माझं दुकान दोन दिस जळत हुतं," शिवलिंगप्पा म्हणाले. "निदान तासभर तरी दाखवा."

*

गावचे पाटील तात्या. टोळी आली तेव्हा तेही सगळ्यांसोबत रानात पळाले होते. पण तहसिलीला पाठवलेल्या रिपोर्टात त्यांनी गवताच्या गंजीला आग लागल्याचं लिहिलं होतं. सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि बाहेर येऊन निर्णय दिला, की असं काही घडलंच नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुमी तर आमच्या म्होरं पळत हुता."

"व्हय, पळालो," तात्या म्हणाले. "पर रिपोर्टात न्हाय."

*

खरी फूट पडली ती परतीच्या बैलगाड्यांत. बायका म्हणाल्या, अडसर डाव्या हातानं काढला. पुरुष म्हणाले, उजव्या. सगळ्यांनी एकच खेळ एकाच वेळी पाहिला होता. गाव येईपर्यंत कित्येक नवराबायकोंचं बोलणं बंद झालं.

गावात डावखुरा माणूस एकच होता. इमामभाई पिंजारी. कापूस पिंजायची कमान उजव्या हातात धरून ते डाव्या हातानं ठोका देत.

गोदाक्काचा एकुलता एक मुलगा त्या पहाटे वेशीपाशी मारला गेला होता. ती कधी मोठ्यानं बोलत नसे. म्हणाली, "डावा हात. म्या ह्या डोळ्यांनी बगितला." त्यानंतर उजव्या हाताचा आग्रह धरणारे पुरुषही एकेक करून डाव्या हातावर आले. गोदाक्काच्या शब्दाला मान होता हे खरं. पण बायकोशी वाद मिटत होता, हेही एक कारण असावं.

*

इमामभाईंची बायको जुलेखाबी. तिनंही सिनेमा बायकांत बसूनच पाहिला होता. घरी आली आणि बराच वेळ नवऱ्याच्या हाताकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "उस दिन सुबू तुम कां थे?"

"तेरेच पास," इमामभाई म्हणाले.

ती म्हणाली, "मेरेकू भी ऐसाच याद है." आणि चूल पेटवायला गेली. हे इमामभाईंनीच मला सांगितलं. सिनेमा त्यांनी पाहिलेला नव्हता.

*

पंच बसले. जत्रा उठायच्या आत इमामनं गाव सोडावं, असं ठरलं. कारण लिहायचं नाही, असंही ठरलं. ती सूचना तात्यांची.

तोवर गाद्या पिंजायला देणं लोकांनी थांबवलं होतं. इमामभाईंनी कमान पोत्यात गुंडाळून ठेवली.

मला चैन पडेना. मी तंबूत गेलो आणि बायका कुठं बसतात ते पाहिलं. पुरुषांची बैठक पडद्यासमोर होती, बायकांची पडद्यामागं. पडदा पातळ, मागूनही चित्र दिसावं म्हणून त्यावर पाणी मारत. मागून सगळं उलटं दिसतं, उजव्याचं डावं होतं, हे तंबूवाल्याला माहीत होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "कोणी विचारलंच नाही." अक्षरंही उलटी दिसत, पण पडद्यामागं बसणाऱ्यांत वाचता येणारी एकही नव्हती.

पंचांना मी हे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मास्तर शिकलेले आहेत, असं म्हणाले. ठराव तसाच राहिला.

मग मी गोदाक्काकडं गेलो. तिनं जातं थांबवून सगळं ऐकलं. विचारलं, "मग म्होरं बसून बगू का?"

*

बाई पुरुषांत बसल्याचं त्या तंबूत पूर्वी घडलं नव्हतं. जत्रेच्या शेवटच्या दिवशी दिवेलागणीच्या खेळाला गोदाक्का पडद्यासमोर, पहिल्या रांगेत, पंचांच्या शेजारी बसली. तात्या थोडे सरकून बसले.

वेस आली. हात आला. उजवा होता.

ती उठून उभी राहिली. तिची सावली पडद्यावर पडली, तंबूवाल्यानं मशीन थांबवलं आणि कंदील वर केला.

"उजवा हाय," गोदाक्का म्हणाली. "म्या चुकले. इमामभाईनं गाव सोडायचं न्हाय."

पंचांनी माना डोलावल्या. तेवढ्यावर ती बसेल, असं सगळ्यांना वाटलं. ती बसली नाही. कंदिलाच्या उजेडात तिनं रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आमच्याकडं, आपल्या गावच्या पुरुषांकडं, सावकाश पाहिलं.

"आता सांगा," ती म्हणाली, "ह्यातला कोनचा?"

तात्यांच्या उजव्या हातात नुकताच लावलेला विडा होता. त्यांनी तो डाव्या हातात घेतला आणि डाव्या हातानं तोंडात घातला.