दोन्ही हात मोकळे

जन्मापासून ज्यांच्या कानांपर्यंत एकही शब्द पोहोचला नाही, त्या गृहस्थांनी चाळीस वर्षे इतरांचे शब्द जपण्याचे काम केले. ते पुस्तकबांधणी करत. सारी गल्ली त्यांना बाइंडरकाका म्हणे. ते ऐकू येत नसल्याने त्यांनी कधी हरकतही घेतली नाही. सुटी झालेली पाने जुळवावीत, दोऱ्याने शिवावीत, कण्याला सरस लावून पुस्तक दाबाखाली ठेवावे आणि शेवटी पुठ्ठा उघडमीट करून त्याच्या सांध्याची परीक्षा घ्यावी, हा त्यांचा नित्यक्रम एखाद्या उपासनेसारखा चाले.

त्यांची वाणी हातांत होती. लग्नानंतर त्यांनी आणि काकूंनी मिळून खुणांची एक भाषा घडवली, मुलीने तीत भर घातली, आणि चार वर्षांच्या नातीने तर ती जिभेआधी बोटांनी आत्मसात केली. या भाषेत ज्याला त्याला नाव होते. सतत घाईत असणाऱ्या काकूंचे नाव मनगटावर दोन टिचक्या. नातीला घरात भिंगरी म्हणत, म्हणून तिचे नाव हवेत गरगर फिरणारी तर्जनी. जावई अजून अडखळत होता, तेव्हा ही भाषा अस्खलित बोलणारी माणसे जगात चारच.

त्या चारांतल्या दोघी महिनाअखेरीस जावयाच्या नोकरीपायी परदेशी निघणार होत्या. आजीचा आवाज भिंगरीला फोनवर ऐकू गेला असता; आजोबांचे काय? चार वर्षांच्या बोटांतून भाषा निसटायला कितीसा वेळ लागणार? काका या विचाराने खंगू लागले, तेव्हा मुलीने तोडगा काढला. एक छोटा व्हिडिओ कॅमेरा घ्यावा, बाबांच्या गोष्टी टिपाव्यात आणि तिकडे कॅसेटी पाठवत राहावे. ते कळल्यापासून काकांचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. चाळीस वर्षांत प्रथमच त्यांनी एका ग्रंथाला उलटा पुठ्ठा चढवला, आणि स्वतःच पोट धरून हसले.

शनिवारी दुकान उघडण्याआधीच चौघे पायरीवर हजर होती. दुकानदार बोलता बोलता हाती येईल ती काच फडक्याने पुसत असे. पाचव्या मिनिटाला काकांनी छातीवर काच पुसल्यासारखा तळवा फिरवून त्याचे नामकरण उरकले. भिंगरी फिदीफिदी हसली. दुकानदाराला संशय आला, पण त्याने सौजन्य सोडले नाही.

त्याने प्रथम खांद्यावर घ्यायचा भला थोरला कॅमेरा काढला. काकांनी तो दोन्ही हातांनी उचलला. समोरून भिंगरीने विचारले, मी दिसते का? उत्तर देण्यासाठी काकांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, उत्तर दिले, पुन्हा उचलला. तिने पुन्हा विचारले. तिसऱ्या खेपेस दुकानदार म्हणाला की एकदा धरला की तो असा सोडायचा नसतो.

"अहो भाऊ, ह्यांचे दोन्ही हात गुंतवलेत तुम्ही," काकू म्हणाल्या. "आता बोलतील कशानं?"

मग एका हातात मावणारा, रुपेरी, नाजूक कॅमेरा आला. काकांनी त्याचा बाजूला उघडणारा पडदा पुठ्ठ्यासारखा चाळीसदा उघडमीट केला. दुकानदाराला घाम फुटला. पडला तर काय, असे काकूंनी विचारले. सांभाळून वापरायचा, असे उत्तर मिळाल्यावर मायलेकी एकमेकींकडे पाहून हसत सुटल्या. या घरात एखादी गोष्ट सांगायची उबळ आली की हातातली वस्तू खाली जाई. बोलणे कपबशीसाठी थांबत नसे. आता स्टीलखेरीज भांडेच उरले नव्हते.

दुकानदार इरेला पेटला. फळीवरून त्याने रबराच्या आवरणाचा, मनगटात पट्टा अडकवायचा, डोंगर चढणाऱ्यांसाठी केलेला कॅमेरा काढला, आणि काही कळायच्या आत तो स्वतःच जमिनीवर सोडला. चौघेही वाकून पाहू लागली. कॅमेरा चालूच होता. काकांनी आनंदाने दुकानदाराचे खांदे गदागदा हलवले.

विजयी मुद्रेने त्याने काकांचे चित्र घेतले आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दाखवले. पडदाभर चेहराच होता, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. काकांनी तो आदराने न्याहाळला आणि काही खूण केली.

मुलीने सांगितले, "बाबा म्हणतात, माणूस चांगला दिसतोय, पण गप्प का बसलाय?"

दुकानदाराचे फडके थांबले. त्याने चौकट मागे नेली, कोपरे आणि हात आत येईपर्यंत. पडद्यावरचे आजोबा बोलू लागले, आणि भिंगरी त्या पडद्यालाच उत्तरे देऊ लागली. निवड झाली.

त्याच दुपारी घरी काकांची, सरसात शेपूट बुडवलेल्या मांजराची गोष्ट सुरू झाली. कॅमेरा मीच धरणार, असा भिंगरीचा हट्ट. गोष्टीतले मांजर दाबयंत्रापाशी पोहोचले आणि भिंगरीला राहवेना. पट्टा मनगटातून सुटला, कॅमेरा धप्पकन खाली. नंतर चित्र पाहिले, तर निम्मी गोष्ट, एक धक्का, मग आडवे झालेले टेबलाचे पाय. आणि कोपऱ्यात दोन चिमुकले हात, मांजराने काय करायला हवे होते ते तावातावाने समजावणारे.

हे पुसून पुन्हा घेऊ, असे मुलगी खुणावू लागली. काकांनी तिचा हात धरला. या घरात हात धरणे म्हणजे तोंड दाबणे. ते असे कधी करत नसत. मग हात सोडून त्यांनी सावकाश सांगितले, "नुसतं बघून ती मला ओळखेल. बोलली तरच भाषा राहील. कॅमेरा तिच्याबरोबर जाऊ दे."

"आणि तुमच्या गोष्टी?"

"अजून आठ दिवस आहेत."

ते आठ दिवस बांधणी बंद राहिली आणि हात एवढे बोलले की रात्री काकू त्यांना तेल चोळून देत. तिकडून येणारी छोटी कॅसेट घरच्या यंत्रासाठी मोठ्या कॅसेटवर उतरवून देण्याचे दुकानदाराने आपण होऊन कबूल केले. काकांनी कॅमेऱ्यासाठी बांधणीच्या निळ्या कापडाची पेटी केली, तिचा सांधा चाळीसदा तपासला. झाकणावर नातीचे नाव घातले नाही. ते नाव अक्षरांत मावणारे नव्हते.

निघताना भिंगरीने ती पेटी छातीशी दोन्ही हातांनी कवटाळली होती. गाडी दाराशी आली. आजोबांनी हवेत तर्जनी फिरवली. तिने क्षणभर पाहिले, पेटी तशीच खाली सोडली, आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी बोलू लागली.

सांधा शाबूत राहिला.