तावडेंच्या रक्तातले निळे ठिपके

"पेशंटला टेबलवर घेऊ नकोस. मी वर येतेय," मी फोनवर म्हणाले.

पलीकडे डॉ. नाडकर्णी होता, परळच्या आमच्या हॉस्पिटलातला तरुण सर्जन. हुशार, पण घाईचा.

"मॅडम, माणूस पोट धरून तळमळतोय. सोनोग्राफीत अपेंडिक्स थोडं सुजल्यासारखं वाटतंय. उघडून बघितलेलं बरं."

"उघडलंस तरी काही सापडणार नाही. मला वाटतं, भानगड रक्तात आहे."

मी पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे पेशंटचं तोंडही न बघता त्याच्याबद्दल मत देणारी डॉक्टर. ऑपरेशनआधीचं रक्त तपासायला आलं होतं. मशीनने सांगितलं, हिमोग्लोबिन कमी आहे. ते अनेकांचं असतं. पण टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, स्मिअर जरा बघता का?" स्मिअर म्हणजे काचेच्या पट्टीवर पसरून रंगवलेला रक्ताचा थेंब. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तांबड्या पेशींत बारीक निळे ठिपके दिसले, पेनातली शाई शिंपडल्यासारखे. असे ठिपके दोन-चार कारणांनी दिसतात. पण ठिपके, कमी झालेलं रक्त आणि पोटातली कळ एकत्र आली की पहिला संशय शिशाचा. शिसं म्हणजे लेड, बॅटरीत असतं ते.

पेशंटचं नाव मोहन तावडे. वय चोपन्न, राहणार काळाचौकी, रे रोडच्या लाकडाच्या वखारीत माल मोजायचं काम. मी वर वॉर्डात जाऊन पोट दाबून बघितलं. कळा भयंकर, पण पोट मऊ. अपेंडिक्स इतकं बिघडलं असतं तर असं हात लावू दिलं नसतं. मग त्यांचा खालचा ओठ खाली ओढला. हिरड्यांच्या कडेने काळपट निळी रेघ होती. नाडकर्णीने वाकून बघितलं आणि ऑपरेशन थांबवायचा निरोप स्वतःच दिला.

"तावडे, बॅटरीचं काम करता? जुना रंग खरवडणं, भंगार वितळवणं, असलं काही?"

"नाय हो मॅडम. लाकडं मोजतो मी. आयुष्यभर तेच केलं."

"बाहेरचं काही औषध घेता?"

तावडे बायकोकडे बघायला लागले. बायको, सुलभाताई, पिशवीच्या बंदाशी चाळा करत होत्या.

"औषध नाही," त्या म्हणाल्या. "आयुर्वेदिक आहे ते. शुगरचं."

कथा नेहमीची होती. डायबेटिस निघाला. आमच्याच ओपीडीतून गोळ्या दिल्या. मग वखारीतल्या कोणीतरी गिरगावातल्या एका माणसाचं नाव सांगितलं. त्याला सगळे आप्पा म्हणत. आप्पा म्हणाला, इंग्रजी गोळ्या बंद करा, किडनी जाते त्याने. आमची गोळी घ्या, साखर बंद, भात बंद, रोज तासभर चाला. महिन्याने साखर खरोखर उतरली.

"उतरली ना," तावडे म्हणाले. "रिपोर्ट आहे माझ्याकडं."

त्यांच्यावर रागावून उपयोग नव्हता. त्यांनी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या: खाणं, चालणं आणि गोळी. साखर उतरली तेव्हा श्रेय मिळालं गोळीला, कारण तिला डबी होती, लेबल होतं आणि तिच्यामागे आप्पा होता. चालण्याचं श्रेय घ्यायला कोणी दुकान मांडून बसत नाही. म्हणून तर औषध तपासताना सारख्याच पेशंटांचे दोन गट करतात. पथ्य दोन्ही गटांना तेच, गोळी फक्त एका गटाला. मग फरक बघायचा. तो पडला तरच गोळी कामाची. आणि गोळीने अपाय होतो का, हे त्याच्याही आधी बघायचं.

"डबी घेऊन या," मी सुलभाताईंना सांगितलं.

त्या तासाभरात दोन डब्या घेऊन आल्या.

"दुसरी कोणाची?"

"सुनेची. चौथा महिना आहे तिला. आप्पांनीच दिल्यात, बाळ गुटगुटीत होतं म्हणून."

नाडकर्णी खिडकीकडे वळला. मी दोन्ही डब्या एप्रनच्या खिशात घातल्या. शिसं आईच्या रक्तातून बाळात जातं. मोठ्या माणसाचं पोट दुखतं, तो बोंबलतो तरी. पोटातलं मूल काय करणार? त्याच्या मेंदूवर परिणाम होतो आणि तो कळतो वर्षांनी, मूल शाळेत मागे पडायला लागलं की.

सुनेला त्याच दिवशी बोलावून रक्त घेतलं. दोघांचं रक्त आणि दोन्ही डब्या बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवल्या. रिपोर्ट आले. दोन्ही गोळ्यांत शिसं, शुगरच्या गोळीत भरपूर. तावडेंच्या रक्तात इतकं, की ते पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध ताबडतोब चालू करावं लागलं. सुनेचं त्या मानाने कमी, पण असायला नको तितकं होतंच.

मी तावडेंचे जुने कागद काढले. दोन महिन्यांत माणूस तीनदा आमच्या ओपीडीत आला होता. पोटात दुखतं, शौचाला होत नाही. तिन्ही वेळा गॅसच्या गोळ्या. एकदा रक्तही तपासलं होतं. हिमोग्लोबिन तेव्हाही कमीच होतं. स्मिअर कोणी बघितला नव्हता, मशीनचे आकडे तसेच पुढे गेले होते. रिपोर्टखाली सही माझी होती.



शनिवारी दुपारी मी आप्पाकडे गेले. रागाच्या भरात गेले हे कबूल करते. गिरगावातली एक गल्ली, तळमजल्यावर स्वच्छ खोली. आप्पा साठीचा, गोड बोलणारा. त्याने मला पाणी विचारलं. मी ओळख सांगून दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले. त्याने ते न वाचताच बाजूला सारले आणि एक जाड फाइल काढली.

"हा माझा पुरावा, डॉक्टर. लोकांची पत्रं. वाचा."

मी वाचली. बहुतेक माणसं प्रामाणिक होती. बरं वाटलं, देवमाणूस भेटला, वगैरे. पण सगळी पत्रं पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतली.

"वर्षाने लिहिलेलं एकही पत्र नाही यात," मी म्हणाले.

"बरी झालेली माणसं परत कशाला लिहितील?"

"आणि मेलेली?"

तो हसला. "आमचं सगळं नैसर्गिक असतं हो."

"शिसंही जमिनीतूनच निघतं. गोळ्या कोण बनवतं?"

"ते आमचं घराण्याचं गुपित आहे."

"तुमची डिग्री?"

"अनुभव," तो म्हणाला.

"ती मुलगी गरोदर आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"म्हणून तर दिल्या," तो म्हणाला. अगदी शांतपणे. त्या शांतपणाचा मला आजही राग येतो.

माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण पुढे आयुर्वेदाकडे वळली, रीतसर डिग्री घेऊन दादरला प्रॅक्टिस करते. तिला हे सांगितलं तर ती माझ्याहून जास्त भडकली. "धातू घातलेलं काही मी तपासणीशिवाय पेशंटच्या हातात देत नाही. गरोदर बाईला तर नाहीच. हा माणूस आमच्या नावावर जगतोय," म्हणाली. मी लिहायला घेतलेल्या तक्रारीच्या मसुद्यात तिने दोन मुद्दे वाढवले.

तक्रार हॉस्पिटलतर्फे अन्न व औषध प्रशासनाकडे जायची होती. आमचे सुपरिंटेंडेंट, शिरोडकर सर, रिपोर्ट बघून खुर्चीत मागे रेलले.

"यात दुकानाचं नाव कशाला? 'अज्ञात गोळ्या' असं लिहा."

"अज्ञात कुठे आहेत, सर? डबीवर छापलंय."

"आपल्या एका ट्रस्टींच्या घरी त्याच्याच गोळ्या जातात."

"मग त्यांचंही रक्त पाठवा. मी स्वतः बघते."

तक्रारीवर सरांनी सही केली, पण दोन दिवस घेतले. पुढच्या आठवड्यात ट्रस्टींच्या ड्रायव्हरने रक्ताची बाटली आणून दिली. वर नाव नव्हतं, नुसती अक्षरं होती. त्यातही शिसं निघालं. त्यानंतर मला कोणी काही म्हटलं नाही. ज्या धोक्याबद्दल काळाचौकीच्या तावडेंसाठी गप्प बसायचं होतं, तोच ट्रस्टींच्या घरात निघाल्यावर एका दिवसात गंभीर झाला.

इन्स्पेक्टर गेले, नमुने घेतले, शटर खाली आलं. केस चालू आहे. आप्पाचं नवं दुकान दुसऱ्या नावाने दादरला उघडलंय, असं ऐकते. पत्ता मिळाला की पुन्हा लिहीन.

तावडे कामावर जातात, आमच्या गोळ्या घेतात आणि चालतातही. किडनीला थोडी इजा राहिली. सुनेला मुलगी झाली. ती चांगली आहे, वजन चांगलं आहे. तिच्या डोक्याचं काय, हे मला आज सांगता येत नाही, आणि सुलभाताई विचारतात तेव्हा मी तसंच सांगते.

तावडेंना घरी सोडताना मी विचारलं होतं, ओपीडीत तीनदा आलात, एकदाही या गोळ्यांबद्दल का बोलला नाहीत?

"सांगितलं की तुम्ही लोक ओरडता," ते म्हणाले. "आणि विचारलं पण नाय कोणी."

आता आमच्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे: घरचं, बाहेरचं, कोणी दिलेलं, आणखी काय घेता? मी हिमोग्लोबिन कमी असलेला रिपोर्ट स्मिअर बघितल्याशिवाय सोडत नाही. आणि नव्या डॉक्टरांना सांगते, ही ओळ विचारताना चेहरा नीट ठेवा. राग जरूर येऊ द्या, पण डबी हातात मिळाल्यानंतर.